साथ येते तेव्हा बाकीचे आजार कुठे जातात?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि थोड्याच दिवसांत सरकारी दवाखान्यांतल्या डोळ्यांच्या, हाडांच्या, दातांच्या ओपीडी ओस पडल्या. तेव्हा लोक म्हणायचे, "सिस्टर, कोरोना सोडला तर दुसरे आजारच उरले नाहीत बघा." आजार कुठेही गेले नव्हते. आजारी माणूस घरात बसून होता. ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण साथ पुन्हा येऊ शकते.

साथीच्या काळात रुग्णालयातल्या विभागांची स्थिती तीन प्रकारची होते.

१) भार कोसळणारे विभाग : मेडिसिन, अतिदक्षता आणि प्रयोगशाळा. साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे सहा रुग्ण असावेत आणि व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला एक परिचारिका असावी, असे प्रमाण मानले जाते. म्हणजे एक गंभीर रुग्ण वाढला की सहा जणांना पाहणारी सिस्टर तिथे अडकते. खाटा आठवड्यात वाढवता येतात; शिकलेली परिचारिका तयार व्हायला वर्षे लागतात. म्हणून ऑपरेशन थिएटरच्या, बालरुग्ण विभागाच्या सिस्टर कोविड वॉर्डात गेल्या आणि त्यांचे मूळ विभाग उघडे पडले.

२) रिकामे दिसणारे विभाग : यात क्षयरोग आणि कर्करोग हे सर्वांत घातक. देशात २०१९ मध्ये क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, शोधणारे हात कमी झाले होते. थुंकी तपासणारी यंत्रे कोरोनाच्या तपासणीला लागली, आशाताई घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होत्या. त्या वर्षी जगात क्षयाने होणारे मृत्यू दशकभरानंतर प्रथमच वाढले. कर्करोगाचेही तसेच. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली आणि मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास निम्म्यावर आल्या. ही माणसे नंतर आली, पण गाठ वाढवून आली. पुढे ढकललेले काम संपत नाही, ते अवघड होऊन परत येते.

३) थांबू न शकणारे विभाग : प्रसूती, डायलिसिस, सर्पदंश. बाळ टाळेबंदी संपायची वाट पाहत नाही. भातलावणीत साप चावतोच. कमी माणसांत, पीपीई किट घालून हेच काम करावे लागते.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाहू. आपल्याकडे उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालय आहे. पण मोठ्या आजाराला ठाणे, कळवा, उल्हासनगर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. २०२० मध्ये ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय कोविडसाठी राखीव झाले. लोकल बंद, एसटी बंद. डोळखांब किंवा टोकावड्याच्या माणसाने तपासणीला जायचे कसे? शहरातला विभाग बंद झाला की सर्वांत आधी दूरच्या पाड्यावरचा, हातावर पोट असलेला माणूस उपचारातून गळतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र फक्त 'रुग्णसंख्या कमी' एवढेच दिसते.

आपण काय करायचे?

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, स्तनातली गाठ, तोंडातला न भरणारा व्रण, मासिक पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव : साथ असो वा नसो, तपासणी लांबवू नका.
- क्षय, मधुमेह, रक्तदाब, फिट यांच्या गोळ्या एक दिवसही तोडू नका. साथीची चाहूल लागताच महिनाभराचा साठा डॉक्टरांकडे मागा.
- वस्तीतल्या गरोदर बाया, डायलिसिसचे आणि क्षयाचे रुग्ण यांची यादी करून आशाताईंकडे द्या. गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.
- साप चावल्यास भगताकडे वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.
- ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे एक प्रश्न लावून धरा : पुढच्या साथीत क्षय तपासणी, प्रसूती आणि डायलिसिस कुठे चालू राहणार आणि तिथे कर्मचारी किती असणार? उत्तर लेखी मागा.

साथीत ओपीडी रिकामी दिसली तर समाधान मानू नका. जो यायला हवा होता तो का आला नाही, हे त्याच्या घरी जाऊन विचारा.