गावाची पुस्तके व पेटीची किल्ली

ग्रंथालय म्हणजे शहरातील मोठी इमारत, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि खेड्यास तिची ऐपत नाही असे मानण्यात येते. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी पूर्वीच्या बडोदे संस्थानात काय घडले, ते ह्या पाठात आपण पाहू.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे ह्या खेड्यात जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सोडलेल्या मुलास घरी वाचावयास काहीच नसेल, तर शिकलेले अक्षर थोड्याच काळात पुसून जाते. म्हणून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणिले व गावोगावी ग्रंथालये स्थापण्याचे काम आरंभिले. मोतीभाई अमीन ह्या शिक्षकाने त्या कामी फार कष्ट घेतले.

त्या योजनेतील खर्चाची व्यवस्था ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एक हिस्सा सरकारने द्यावा, एक पंचायतीने द्यावा, आणि तिसरा गावाने स्वतः जमवावा, असा नियम होता. आमच्या मते सर्व योजनेत हीच गोष्ट अधिक शहाणपणाची होती. ज्याने चार आणे दिले, तो विचारू लागतो की, पुस्तके कोठे आहेत, कोण वाचतो, आणि दार बंद का? फुकट आलेल्या वस्तूस धनी नसतो, आणि वाळवीस तेवढेच पाहिजे असते.

जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवीत. गावातील एखादा विश्वासू मनुष्य पेटी सांभाळी. वाचून झाली म्हणजे ती परत जाई व दुसरी येई. पुढे १९३१ साली मद्रास इलाख्यात मन्नारगुडी येथे बैलगाडीतून पुस्तके नेण्याचा उपक्रमही झाला.

आता प्रश्न असा की, ही पेटी गावात कोणाच्या ओट्यावर ठेवावी? प्रिय वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आपल्या खेड्यांत पाणवठे वेगळे होते, वस्त्या वेगळ्या होत्या, आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली तरी पायरी चढताना वाटणारा संकोच एका दिवसात जात नाही. ज्या ओट्यावर गावातील एकासही चढण्यास संकोच वाटतो, तेथे सर्वांची पुस्तके ठेवू नयेत. याच्या उलट, एकच पुस्तक वाड्यातून गावकुसाबाहेरच्या घरी जाते आणि तेथून, पानांच्या कडा थोड्या मळून, पुन्हा वाड्यात येते, तेव्हा त्या दोन घरांस बोलावयास एक विषय मिळतो. पूर्वी त्यांच्यांत बहुधा कामाचे व मजुरीचेच बोलणे होत असेल.

पुस्तक मळेल म्हणून ते कुलपात ठेवणारे लोक सर्व देशांत झाले. इंग्लंडात हेरफर्ड येथील मुख्य देवळात साखळ्यांनी फळीस जखडलेले ग्रंथ आजही पाहावयास मिळतात. त्या काळी ग्रंथ फार मोलाचे असत, म्हणून त्यांस दोष देता येत नाही. आपल्यास मात्र ती सबब नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली जे पाच नियम छापिले, त्यांतील पहिलाच असा की पुस्तके उपयोगासाठी असतात.

हे आपल्याच मुलखात कसे साधते, ते सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळील भिलार गावी दिसून आले. ४ मे २०१७ रोजी तेथे 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले. आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके ठेविली, आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणे म्हणजे गावकऱ्यांची राहती घरे होती. परका मनुष्य येऊन ओसरीवर बसतो, मोल न देता वाचतो, आणि घरधन्याशी दोन शब्द बोलून जातो.

ज्यांस वाचता येत नाही त्यांचाही वाटा पुस्तकांत आहे. आठवड्यातून एक रात्र ठरवावी, आणि वाचणाऱ्याने सावकाश मोठ्याने वाचावे. मध्ये कोणी प्रश्न विचारिला तर थांबावे. पुस्तके नेणाऱ्यांची नावे व तारखा एका वहीत लिहाव्या. फाटलेले पान खळीने त्याच दिवशी चिकटवावे. किल्ली दरवर्षी निराळ्या वस्तीतील मनुष्याच्या हाती द्यावी.