नाणं ड्रममध्ये घालण्याआधी

घरातल्या तांब्याच्या शिवराया आणि चांदीचे काही जुने रुपये बेंगळुरूतल्या एका पॉलिशवाल्याकडे स्वच्छ करायला दिले होते. त्याने ती खडीबरोबर ड्रममध्ये फिरवली आणि परत केल्या त्या गुळगुळीत चकत्या. वर ऐकवलं, ‘तुमची नाणी मुळातच झिजलेली होती.’ नुकसानापेक्षा हे वाक्य जास्त सलतं, कारण ते खोटं आहे आणि नाणीच तसं सांगतात. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याचे उंच भाग घासले जातात, खोलगट भागात जुना काळसर थर टिकून राहतो. या नाण्यांच्या खोबणीतही तांबं उघडं पडलं आहे आणि सगळ्या पृष्ठभागावर वाटेल त्या दिशेने बारीक ओरखडे आहेत. देण्याआधीच्या फोटोत ‘छत्रपति’ ही अक्षरं आणि कडेची ठिपक्यांची किनार वाचता येते. आता किनार गेली आहे. वापरातली झीज असे ओरखडे आणि अशी खोबण मागे ठेवत नाही.

ड्रम फिरू लागला की वरचा थर सतत खाली घसरतो आणि त्या घसरणीत दगड धातूला घासतात. मोस प्रमाणावर तांब्या-चांदीचा कठीणपणा 3च्या आसपास, फेल्डस्पारचा 6, क्वार्ट्‌झचा 7. बेंगळुरूच्या लालबागेतल्या टेकडीचा सुमारे 300 कोटी वर्षांचा नाइस खडक याच दोन खनिजांनी भरलेला आहे आणि इथली खडीही बहुतेक त्याच जातीची. ‘पण गोटे गुळगुळीत होते’ हा बचाव टिकत नाही. गुळगुळीतपणा आकाराचा असतो, कठीणपणा खनिजाचा. शिवाय गोटे एकमेकांवर आपटून त्यांचे कण सुटतात, ते धातूत रुततात आणि मग ड्रममधला सगळा मालच पॉलिश पेपरसारखा चालतो.

‘पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज हजारो पार्ट असेच फिनिश होतात’ हे दुसरं उत्तर. होतात, आणि योग्यच होतात. मशीनवरून निघालेल्या पार्टच्या कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची धारदार कोर, नको असते. ड्रम ती आधी खातो, कारण तो कुठलाही उंचवटा आधी खातो. नाण्यावर मात्र अक्षर, किनार, चिन्ह, म्हणजे नाण्याचं सगळं म्हणणंच उंचवट्यात असतं. टांकसाळीतही कोऱ्या चकत्या ड्रममध्ये घोळवतात, पण छाप उमटण्याआधी. एकाच क्रियेने एकीकडे दोष जातो आणि दुसरीकडे मजकूर जातो, हा फरक धंदा करणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने काम घेऊ नये. ‘चमक तर आली ना?’ असं विचारणाऱ्याला तर उत्तर देणंही जिवावर येतं. जुन्या तांब्यावर बाहेर हिरवट आणि आत धातूलगत लालसर ऑक्साइडचा थर असतो. मूळ छापाचे बारकावे पुष्कळदा त्या लालसर थरातच जपलेले असतात. तो खरवडला की चमक येते आणि इतिहास जातो. एकेकाळी शहाजीराजांची जहागीर असलेल्या शहरात तरी शिवराईची एवढी बूज राखायला हवी होती.

म्हणून सांगतो. नाणी देण्याआधी प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सोनाराच्या काट्यावर वजन करून ते पावतीवर लिहून घ्या. घटलेल्या वजनापुढे ‘आधीच झिजलं होतं’ म्हणता येत नाही. ड्रममध्ये काय घालणार हे स्पष्ट विचारा, आणि ‘मीडिया’ एवढंच उत्तर आलं तर नाणी उचलून घरी या. तांबं आणि चांदी एकत्र फिरवू देऊ नका. तांब्याची पूड चांदीवर बसून गुलाबी छटा येते. ॲल्युमिनियमची जुनी पैशांची नाणी बंद ड्रमात पाण्याबरोबर कधीच नकोत. घासलेलं ॲल्युमिनियम पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन सोडतं आणि आत दाब वाढतो. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे, ते काम जतनतज्ज्ञाचं. नुसता मळ असेल तर शुद्ध पाणी, मऊ ब्रश आणि धीर पुरतो. माणूस ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबू नका. आणि काम बिघडवून वर मालालाच नावं ठेवणाऱ्याचं ऐकून गप्प बसू नका. फोटो आणि वजन पुढे ठेवा, भरपाई मागा.