शेवळे, काकड आणि आंबटाचे शास्त्र

रोहिणी नक्षत्र लागले, वळवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या, की ठाणे, पालघर, रायगड या भागांतील बाजारांत रस्त्याच्या कडेला शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. बाहेरून तपकिरी-जांभळट वेष्टन, आत एक दांडा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही पालेभाजी नव्हेच. सुरणाच्या कुळातील अमॉर्फोफॅलस कम्युटेटस या कंदाचा तो फुलोरा आहे. पान मागाहून येते. साहजिकच या भाजीचा हंगाम अगदी थोड्या आठवड्यांचा. जाणती विक्रेती जुडीबरोबर काकडाची चार-सहा हिरवी, आंबट फळेही हातावर ठेवते. ही फळे कशासाठी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु ऋतूप्रमाणे, आपल्या परिसरात पिकणारे अन्न घरी रांधून खाणे म्हणजे नेमके काय, हे त्या एका प्रश्नातून चांगले उलगडते. या विषयाचे सर्वसाधारण गुणगान पुष्कळ होत असते, म्हणून प्रस्तुत लेखात मुद्दाम एकच भाजी प्रामुख्याने घेतली आहे.

शेवळ कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले तर घसा खवखवतो, जीभ चरचरते. सुरण, अळू आणि शेवळे ही एकाच कुळातली भावंडे, आणि खाज हा त्यांचा कुळधर्म. या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्यांनी असतात. चावताना पेशी फुटल्या की त्या सुया जिभेत व घशात रुततात. सुयांबरोबर असणाऱ्या प्रथिनाचाही या दाहात वाटा असावा, असे अळूच्या अभ्यासावरून शास्त्रज्ञ मानतात. सुया काही चुलीच्या आचेने वितळत नाहीत. प्रथिन मात्र उष्णतेने निकामी होते. भाजी भरपूर शिजवावी, हा आजीचा आग्रह असा सार्थ ठरतो.

आंबटाचे काम काय? चिंच किंवा कोकम घातल्याने सगळे स्फटिक विरघळून जातात, असे पुष्कळदा छातीठोकपणे सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. कॅल्शियम ऑक्झलेट सौम्य आम्लात फारसे विरघळत नाही. तरीही अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका, सुरणाला कोकम आणि शेवळांना काकड, ही जोडी कोणत्याही घरात मोडलेली दिसत नाही. इतक्या पिढ्यांच्या जिभांनी दिलेला कौल रसायनशास्त्राचे उत्तर अपुरे आहे म्हणून झिडकारावा, असे मला वाटत नाही. शिवाय आंबटाने या भाज्यांच्या मातकट चवीला उठाव येतो, हेही आहेच. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र आंबटावर विसंबू नये. या भाज्या त्यांनी बेतानेच खाव्यात.

आता प्रत्यक्ष कृती. हातांना तेल लावून शेवळे सोलायला घ्यावीत. बाहेरचे वेष्टन उलगडून आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकावा. खाज त्यात जास्त, असे सांगतात. उरलेले अगदी बारीक चिरावे. काकडाची फळे ठेचून पाण्यात उकळावीत व ते पाणी गाळून घ्यावे. चिरलेली भाजी तेलावर चांगली परतून त्या पाण्यात निवांत शिजू द्यावी. पुढे घराघराची वाट वेगळी. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी त्यात सोडे, कोलंबी किंवा खिमा पडतो. शाकाहारी घरांत सोललेले वाल. वाटण ओल्या खोबऱ्याचे. एवढ्या खटाटोपात सकाळ निघून जाते. घरी रांधण्याची थोरवी सांगणाऱ्या आम्हा मुलांनी एकदा दोन जुड्या स्वतः निवडून पाहाव्यात; त्या थोरवीतला कामाचा भाग आजवर कोणाच्या वाट्याला आला, हे व्याख्यानाशिवाय कळेल.

हे ज्ञान जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, तेव्हा वारापावसाच्या दिवशी आंबट, खारट व स्निग्ध अन्न घ्यावे, असा त्यातील विचार. पण शेवळांच्या ज्ञानाचे श्रेय केवळ ग्रंथांना देणे अन्यायाचे होईल. ते कातकरी, ठाकूर, वारली बायांकडे आहे. कोणता कोंब खाण्याचा आणि कोणता तसाच दिसणारा पण टाळण्याचा, हे त्या नजरेने ओळखतात. पुस्तकातले चित्र पाहून आपण रानात भाजी खुडायला जाणे धोक्याचे आहे. ओळखीच्या विक्रेतीकडून घ्यावी हेच बरे.

आणि तिच्या दृष्टीने हा हंगाम चवीचा नसतो, पोटाचा असतो. जून ते ऑगस्ट या काळात कोठीतले जुने धान्य संपत आलेले, नवे अजून शेतात. त्या दिवसांत जंगलातली भाजी ताटात येते आणि बाजारात चार पैसेही देते. शहरात ‘दुर्मीळ’ म्हणून मिरवली जाणारी वस्तू डोंगरात अडचणीच्या दिवसांचा आधार आहे, याचा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी विसर पडू नये. हल्ली ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागातर्फे ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. ते चांगलेच आहे. मात्र मागणी वाढली की ओरबाडणेही वाढते. फोडशीचे उदाहरण घ्या. कांद्याच्या पातीसारखी दिसणारी ही भाजी पांढऱ्या मुसळीच्या जातकुळीतली. मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर आपले बोरिवली आहे. भाजीसाठी पाने खुडली तर मुळे जमिनीत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. औषधी मुळांच्या व्यापारासाठी मात्र झाड मुळासकट उपटले जाते, आणि रानातून ते दुर्मीळ होत चालले आहे. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या कुर्डूची गोष्ट निराळी. तिला तणनाशक पुरते.

जतन करणारेही आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वसतिगृहात राहणाऱ्यांना शेवळांचा उद्योग झेपणारा नाही. त्यांनी टाकळ्यापासून आरंभ करावा. पहिल्या पावसाबरोबर तो सर्वत्र उगवतो; पानाच्या देठावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि संध्याकाळी त्या मिटतात. कोवळी पानेच घ्यावीत, धुऊन चिरावीत. लसूण व कांदा परतून त्यावर भाजी टाकावी, मीठ बेताने, कारण पाला शिजून मूठभर होतो. उकडलेल्या फणसाच्या आठळ्या असतील तर उत्तम, नसतील तर ओले खोबरे पुरे. श्रावण उलटला की पाने उग्र लागतात, मग ती सोडून द्यावीत. पुढे शेंगा धरतात, आणि त्यांतल्या बिया भाजून, कुटून कॉफीऐवजी उकळून पितात.