वजडीत दूध घातलं तर नासणार नाही का?

प्रश्न : माझा भाचा आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात शिकायला आहे. तिकडे बैलाची वजडी कांद्यासोबत दुधात शिजवतात, असं त्यानं फोनवर सांगितलं आणि घरात सगळ्यांनी नाक मुरडलं. आमच्याकडे वजडी म्हणजे तिखट रस्सा आणि ज्वारीची भाकर. दुधात घातली तर दूध नासणार नाही का? वास मारणार नाही का? आणि इथं करून पाहायची झाली तर कशी करावी?
— एक वाचक भगिनी, संग्रामपूर, जि. बुलढाणा

उत्तर : नासत नाही, ताई. वजडी आधी पाण्यात पूर्ण शिजवून घेतली आणि भांड्यात आंबट काही गेलं नाही, तर दूध फाटण्याचं कारणच उरत नाही. दूध नासतं ते आंबटपणानं. म्हणून या पदार्थात टमाटे, चिंच, दही, लिंबू यांपैकी काही पडत नाही. कॉर्कच्या बायका यात थोडं पीठही लावतात. त्यानं रस्सा दाट होतो आणि दूध सांभाळलंही जातं.

संग्रामपूरकरांसाठी मात्र एक जादा सूचना. तुमचा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पाण्यातले क्षार तापत्या दुधालाही सोसत नाहीत. वजडी धुवायला खारं पाणी चालेल, पण शिजवायला आणि दुधात मिसळायला पिण्याचं गोडं पाणीच घ्या. मीठही अगदी शेवटी, चव पाहून.

आता मांसाचं. भाचा खातो ती गोवंशाची वजडी. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि गाईंबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हा तुम्ही बकऱ्याची वजडी घ्या. तिकडची वजडी जाड असते आणि दुकानात येते ती बहुधा धुऊन, अर्धवट उकडून, पांढरी करून. आपल्या वऱ्हाडी बकऱ्याची पातळ असते, लवकर शिजते आणि माझ्या मते चवीला सरस लागते. फक्त साफ करण्याचं सगळं काम आपल्यावर येतं.

वासाचा प्रश्न तिथंच सुटतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यात मोठ्या पहिल्या कप्प्यात चारा आंबतो आणि त्यातले जिवाणू ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं तयार करतात. खवट झालेल्या लोण्याला जो वास येतो, तो याच ब्युटिरिक आम्लाचा. आपल्याकडे जुन्या बाया वजडीला खायचा चुना चोळतात, त्यामागचं रसायन पक्कं आहे : चुना आम्लाला मारतो, त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वासही येत नाही. चुना बोटाच्या पेरावर मावेल एवढाच घ्यावा आणि नंतर चार-पाच पाण्यांनी धुऊन काढावा.

वरचं काळपट अस्तर काढायला अनेक जण वजडी खळखळत्या पाण्यात टाकून तशीच ठेवतात. तसं केलं की अस्तर आणखी घट्ट बसतं. दोन भांडी उकळतं पाणी आणि एक भांडं साधं पाणी मिसळा, म्हणजे ते ७० ते ७५ अंशांच्या आसपास येतं. त्यात वजडी मिनिटभर बुडवा, बोटानं अस्तर सुटतंय का पाहा, सुटायला लागलं की बाहेर काढून चमच्याच्या धारेनं किंवा बोथट सुरीनं खरवडा. जाळीदार कप्प्यात आणि पानांवर पानं असलेल्या कप्प्यात घाण अडकून राहते, तिथं घाई करू नका. काही घरांत शेवटी लिंबू चोळतात. दुधाच्या वजडीला ते करू नका, राहिलेला आंबटपणा दूध फाडेल.

तुमच्या घरच्यांनी नाक मुरडलं, त्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे. सतराव्या-अठराव्या शतकात कॉर्क हे खारवलेल्या गोमांसाचं मोठं बंदर होतं. तिथून मांसाची पिंपं इंग्रजांच्या आरमाराला आणि वेस्ट इंडीजच्या बेटांना जात. चांगलं मांस जहाजावर चढलं की गावात उरायचं पोट, रक्त, खूर. कॉर्कच्या गरीब घरांनी त्यातूनच आपला स्वयंपाक उभा केला : दूध-कांद्यातली वजडी आणि तिच्या जोडीला ड्रिशीन, म्हणजे रक्त भरून केलेलं आतडं. १७८८ साली सुरू झालेल्या तिथल्या इंग्लिश मार्केटची ओळख आजही या पदार्थांशी जोडलेली आहे. शहर त्यांचा अभिमान बाळगतं.

आपल्याकडे तीच गोष्ट जातीच्या चौकटीत घडली. जनावर गावाचं, पण त्याचं उरलेलं अंग गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला. वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या हे सगळं ज्यांनी हुन्नरीनं खाण्याजोगं केलं, त्यांना त्यासाठीच हिणवलं गेलं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचं हे अन्न कृतींसह नोंदवलं, ते २०१५ साली. मराठी पाककृतींची पुस्तकं त्याच्या आधी ढिगानं निघाली होती. त्यांत हे अन्न औषधालाही सापडत नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरात ज्यांनी नाक मुरडलं त्यांना एवढं जरूर सांगा.

आता कृती. एक किलो साफ वजडीचे दोन बोटांएवढे तुकडे करा. कुकरमध्ये गोडं पाणी, दोन तेजपानं, अद्रकाचा तुकडा आणि अर्धा कांदा घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा. जून बकऱ्याची असेल तर आणखी दहा मिनिटं. वजडीत कोलॅजन भरपूर असतं. तेच तिला चिवट ठेवतं आणि तेच पुरेशा उष्णतेत हळूहळू विरघळून रश्शाला दाटपणा देतं. अर्धकच्ची वजडी दुधात गेली तर पुढं कितीही उकळा, दूध आटेल पण वजडी नरम होणार नाही. नखानं दाबून तुकडा तुटला पाहिजे.

चुलीवर करणार असाल तर पऱ्हाटीवर भागणार नाही, ती भरकन जळून जाते. बाभळीचं लाकूड लावा, किमान अडीच-तीन तास धरा आणि तोवर झाकण पुनःपुन्हा उघडू नका.

वजडी उपसून घ्या, तिचं वाटीभर पाणी राखून ठेवा. पातेल्यात दोन मोठे चमचे लोणी घालून चार मोठे कांदे उभे चिरून परता. कांदा पारदर्शक व्हावा, लाल नको. लाल कांद्यानं चव आपल्या रश्शाकडे झुकते. त्यावर दोन चमचे मैदा घालून मिनिटभर परता, मग राखलेलं पाणी आणि अर्धा लिटर तापवलेलं दूध थोडं थोडं ओतत ढवळत राहा. गुठळ्या मोडल्या की वजडी आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी घाला. मिरेपूड सढळ हातानं, जायफळ किसून चिमूटभर. मंद आचेवर पंधरा मिनिटं, खदखदू द्यायचं नाही. मीठ आणि सांबार शेवटी.

तिकडे हे पावासोबत खातात. ज्वारीच्या भाकरीशी ते त्याहून चांगलं जमतं, आणि बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा हवाच, कारण नुसतं दूध-कांद्याचं मिळमिळीत वाटेल. एकदम सगळी वजडी दुधात घालायचा धीर होत नसेल तर शिजवलेली अर्धी बाजूला काढून तिचा नेहमीचा खसखस-खोबऱ्याचा तिखट रस्सा करा. पहिल्या पंगतीला दोन्ही वाढा.

तुमच्या भागात मूत्रपिंडाचा आजार असलेली माणसं अनेक घरांत आहेत. त्यांना आणि युरिक आम्ल वाढलेल्यांना ही वजडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बाकीच्यांना वाटीभर चालेल. उरली तर निववून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ती थिजलेली दिसेल, त्यात बिघडलेलं काही नाही. थोडं दूध घालून मंद आचेवर गरम करा आणि त्याच दिवशी संपवा.