आनंदीबाईंना विचारलेले सहा प्रश्न

परदेशी शिकायला गेलेल्या माणसांच्या धैर्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. त्यांच्या तयारीविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण १८८३ साली बोटीत पाय ठेवण्यापूर्वी त्यांना काय काय करावे लागले, हे मला यंदाच कळले. त्याला एक घरगुती निमित्त झाले.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. इतिहासाच्या सरांनी मला इंग्लंडमधील एका संग्रहालयाच्या इंटर्नशिपचा अर्ज दिला. जुनी कागदपत्रे लावण्याचे व त्यांच्या नोंदी करण्याचे काम दोन महिने तिथे राहून शिकायचे होते. दिवाळीच्या सुटीत तो अर्ज मी घरी नेला. दादांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "इथं शिकता येत नाही का? एकटीच कशी जाणार? आजारी पडलीस तर?" मला धड उत्तरे देता आली नाहीत. राग मात्र आला.

सुटीनंतर ग्रंथालयात कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेले आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र वाचले. दादांचे प्रश्न त्यात जवळजवळ जसेच्या तसे भेटले!

आनंदीबाईंची तयारी पत्रांपासून सुरू झाली. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र पाठविले. धर्म बदलण्याची सूचना त्यांनी मानली नाही. पण ते पत्र प्रिन्स्टन येथील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचले. मग सातासमुद्रांपलीकडच्या या दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. म्हणजे निघण्यापूर्वीच आनंदीबाईंचे तिकडे एक घर झाले होते.

तरीही लोक नावे ठेवीतच होते. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. त्यांना अठरावे वर्ष चालू होते. लोक विचारीत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकट्याच का? परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय? संकट आले तर? आणि कोणत्याही बाईने जे केले नाही, ते तुम्हीच का करता?

उत्तरे साधी आहेत. या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात. इथले शिक्षण अपुरे आहे, आणि शिकू पाहणाऱ्या बाईला रस्त्यावर त्रास होतो, हे त्यांनी अनुभवाने सांगितले. दोघांनी जाण्याइतके पैसे नाहीत, पतीवर कुटुंबाचा भार आहे, हेही लपविले नाही. आहार व पोशाख इथल्यासारखाच ठेवीन, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्या म्हणाल्या. पाचव्या प्रश्नाला, संकट कुठेही येऊ शकते, असा त्यांचा रोख होता. सहाव्या प्रश्नाला त्यांनी शिबी राजा व मयूरध्वज यांचे दाखले दिले.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या निघाल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती मिळाली. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. पुढे प्रत्यक्ष अनुभवासाठी त्या बॉस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या इस्पितळात गेल्या. आज आपण जिला इंटर्नशिप म्हणतो, ती हीच. पण प्रकृतीने साथ दिली नाही व तिथे फार दिवस राहता आले नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती. पण ते काम सुरू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस!

सहापैकी पाच प्रश्नांना त्यांच्याजवळ पक्की उत्तरे होती, असे मला वाटते. पाचव्याचे उत्तर तर्काला धरून होते. पण त्यामागे तजवीज नव्हती. कडाक्याच्या थंडीत प्रकृती कशी सांभाळायची, याचा विचार अपुरा राहिला. दोष मी त्यांना देत नाही. त्या काळी विचारायचे तरी कोणाला? मला मात्र विचारता येते.

म्हणून दादांचे प्रश्न मी वहीत लिहून काढले व एकेकाच्या मागे लागले. जन्मदाखल्यावर माझे नाव एका तऱ्हेने, दहावीच्या गुणपत्रकावर दुसऱ्या तऱ्हेने होते. ते दुरुस्त करून मग पासपोर्टचा अर्ज भरला. प्रकृतीची तपासणी करून घेतली, आजारपणाच्या विम्याची चौकशी केली. खर्चासाठी सात ठिकाणी पत्रे पाठविली. त्यांपैकी दोघांची उत्तरे आली; एक नकाराचे आहे.

घरच्यांचे प्रश्न ही आपली अडवणूक असते, असे मी समजत होते. नीट पाहिले तर ती तयारीची यादीच असते. सुटीत घरी गेले तेव्हा दादांनी वही वाचली. पाचव्या प्रश्नापाशी ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "सही कुठं करायची?"

निवडीचे पत्र अजून यायचे आहे.