चालणे आणि मधुमेह : शंका-समाधान

मधुमेह हा आता गादीवर बसणाऱ्या शेठजींचाच रोग राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली, तीत देशातील मधुमेही सुमारे 10 कोटी 10 लाख भरले. आमच्या चाळीसगावच्या पंचक्रोशीत भजनाला बसलेल्या टाळकऱ्यांतही एकदोघांच्या खिशात गोळ्यांची पुडी निघतेच. औषध सांगणे हे डॉक्टरांचे काम, आमचे नव्हे. परंतु चालणे हे तर वारकऱ्याचे व्रत. तेव्हा त्या चालण्याने रक्तातील साखरेचे काय होते, एवढे आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

प्रथम प्राचीनांचे मत पाहू. चरकाने प्रमेहाच्या कारणांत सुखाने बसून राहणे व झोपून राहणे यांची गणना केली आहे. सुश्रुत तर श्रीमंत व गरीब रोग्यांना निरनिराळा उपाय सांगतो. धनवानाने व्यायाम, कुस्ती, हत्तीघोड्यांवरील स्वारी करावी. निर्धनाने भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून, शंभर योजने किंवा अधिक चालावे, गाईंमागे हिंडावे अथवा विहीर खणावी. रोग एकच, औषध एकच, ते म्हणजे अंगमेहनत.

आता कार्यकारणभाव. खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. तेथून स्नायूंच्या घरात शिरायला किल्ली लागते. तिला इन्सुलिन म्हणतात. मधुमेहात एक तर किल्ली घडतच नाही, नाही तर कुलूप गंजते. साखर बिचारी ओट्यावर ताटकळते आणि घरातली माणसे उपाशी! पण स्नायू कामाला लागला की त्या वाड्याचे परसदार उघडते, आणि त्याला ही किल्ली लागत नाही. पायांचे स्नायू शरीरात मोठे. म्हणून चालताना साखर भराभरा खर्ची पडते. शिवाय चालणे संपल्यावरही रिकामी झालेली कोठी भरण्यासाठी स्नायू साखर ओढत राहतात आणि गंजलेले कुलूप एक-दोन दिवस बरे चालते. मग पुन्हा गंज. म्हणूनच लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये, असे डॉक्टर सांगतात. एकादशीपुरते चालणे येथे उपयोगाचे नाही. हे नित्यकर्म आहे.

प्रमाण किती? आठवड्यात निदान 150 मिनिटे. वेग असा, की बोलता यावे पण अभंग गाता येऊ नये. जेवणानंतर दहापंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या घातल्या तरी जेवणाने चढणारी साखर कमी चढते. आठवड्यातून दोनतीनदा झेपतील तशा बैठका किंवा वजन उचलणे हेही हवे, कारण स्नायू वाढला म्हणजे साखरेची कोठी वाढली. डोळ्यांच्या पडद्याला किंवा हृदयाला विकार असेल त्याने मात्र आधी विचारून मगच जोर काढावा.

शंका : एका शेतकरी श्रोत्याने आम्हांला विचारले, "बुवा, मी ते दिनभर वावरमा राबस, मंग माले साखर कशी व्हयनी?" समाधान : मेहनत ही ढाल आहे, कवच नव्हे. वय, आनुवंशिकता, पोटाचा घेर, ताटातले अन्न हीही कारणेच आहेत. आणि वावरातले काम कपाशीच्या हंगामात भरपूर, एरवी थोडे; आता तर बांधापर्यंत फटफटी जाते. तरी मेहनतीचे फळ निश्चित आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साखर वाढू लागलेल्या माणसांना आहार व व्यायाम यांवर ठेवले, तर मधुमेह जडण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी उतरले.

शंका : कन्नडचा घाट चढून आलो, तर साखर उलट वाढलेली दिसली, हे कसे? समाधान : फार जोराचे श्रम झाले की शरीर संकट आले असे समजते आणि यकृत आपला साठा रक्तात सोडते. ही वाढ बहुधा तात्पुरती असते. मात्र साखर 250 च्या वर असून मळमळ, ओकारी, धाप लागत असेल तर चालायला न जाता दवाखाना गाठावा.

आता मुख्य गोष्ट. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून महिन्याहून अधिक काळ चालत पंढरीस जाते. तीत इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा वारकरी असेल, त्यातून एकादशीचा उपास, तर साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, असंबद्ध बोलणे, डोळे लागणे ही तिची लक्षणे. दिंडीत लोक म्हणतात, "माउली भावात रंगले!" बाबांनो, तो भाव नव्हे, तो प्राणाचा प्रश्न आहे. शुद्ध असेल तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग काही खायला द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून दवाखान्यात न्यावे. दिवसाच्या श्रमाचा परिणाम रात्री झोपेतही होतो. म्हणून प्रस्थानापूर्वीच औषधाचे व उपासाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आपल्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. लहानपणी मधुमेह जडलेल्यांस तर ते अन्नाइतकेच आवश्यक आहे.

दुसरे, पाय. सुश्रुताने निर्धनाला वहाणेशिवाय चालायला सांगितले, पण येथे आजचे ज्ञान प्रमाण मानावे. मधुमेह्याच्या पायाची संवेदना मंदावते. काटा रुतला, फोड आला तरी कळत नाही आणि जखम चिघळून पाय कापण्याची पाळी येते. मऊ, मापाचे पायताण घालावे आणि रोज मुक्कामी तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर शेजारच्या माउलीला दाखवावेत. पायताण घालून चालल्याने वारीचे पुण्य उणे होत नाही.

सारांश, रोज चालावे, बेताने चालावे, खिशात साखरेची पुडी ठेवून चालावे, आणि आपल्याला मधुमेह आहे हे विणेकऱ्याला व शेजारच्या टाळकऱ्याला आधीच सांगून ठेवावे. त्यात लाज कसली? दिंडी म्हणजे एकमेकांना सांभाळून नेणेच होय.