‘ती वेळ’ की ‘तो वेळ’?



असे समजा की, शिक्षकांनी फळ्यावर प्रयोगाची सूचना लिहिली : ‘वाटाण्याच्या बिया सकाळी आठपर्यंत पाण्यात –’ आणि घाईत क्रियापद लिहायचे राहून गेले. आता काय करावे? एक गट म्हणेल, आठ वाजायच्या आत केव्हातरी बिया पाण्यात टाकायच्या. दुसरा गट म्हणेल, बिया आतापासून पाण्यात टाकायच्या आणि आठ वाजता बाहेर काढायच्या. पहिल्या गटाच्या बिया आठ वाजता नुकत्या कोठे भिजू लागलेल्या असतील. दुसऱ्या गटाच्या टम्म फुगलेल्या असतील. दोन्ही गटांची निरीक्षणे एकमेकांशी जुळणार नाहीत.

मराठीत ही अडचण क्रियापद सोडवते. ‘आठपर्यंत भिजत घाला’ म्हटले की एक अर्थ, ‘आठपर्यंत भिजत ठेवा’ म्हटले की दुसरा. ‘पर्यंत’ हा शब्द दोन्हीकडे तोच. इंग्रजीत मात्र हे काम दोन निराळे शब्द करतात. आठच्या आत काम उरकायचे असेल तर ‘बाय एट’, आणि आठ वाजेतो काम चालू ठेवायचे असेल तर ‘अन्टिल एट’. ज्याला हा भेद ठाऊक नाही, त्याचा प्रयोग इंग्रजी सूचना वाचूनही बिघडेल.

काळाविषयीचे असे अनेक इंग्रजी शब्द आपल्याला फसवतात. त्यांची लांबलचक यादी पाठ करण्याची गरज नाही. एक साधी कसोटी पुरते, आणि ती आपल्या मराठीतच दडलेली आहे.

दगड आणि अंतर

पुढील दोन वाक्ये वाचा : ‘शाळेची वेळ झाली.’ ‘शाळेत पोचायला फार वेळ लागला.’ पहिल्या वाक्यातील ‘वेळ’ स्त्रीलिंगी आहे – ती वेळ. दुसऱ्यातील पुल्लिंगी आहे – तो वेळ. तुम्ही लहानपणापासून हा भेद न चुकता पाळत आला आहात, पण तो का पाळतो याचा विचार बहुधा केला नसेल.

रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड आठवा. एका दगडावर ४० आकडा आहे, पुढे एकावर ४६ आहे. प्रत्येक दगड ही एक खूण आहे. दोन दगडांमधले ६ किलोमीटर ही लांबी आहे. काळाच्या रस्त्यावरही असेच असते. घड्याळ दाखवते ती खूण, म्हणजे ‘ती वेळ’. दोन खुणांच्या मधली लांबी म्हणजे ‘तो वेळ’. इंग्रजीत दोन्हींना ‘टाइम’च म्हणतात, पण खुणेसाठी ‘व्हॉट टाइम’ असे विचारतात आणि लांबीसाठी ‘हाऊ लाँग’ असे विचारतात.

आता कोणताही शब्द आला की स्वतःला एकच प्रश्न विचारा : ही ‘ती वेळ’ आहे की ‘तो वेळ’?

‘सिन्स’ आणि ‘फॉर’

‘मी सोमवारपासून आजारी आहे’ आणि ‘मी तीन दिवसांपासून आजारी आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालते. म्हणूनच आपल्याकडचे विद्यार्थी ‘सिन्स थ्री डेज’ असे हमखास लिहितात आणि गुण गमावतात. कसोटी लावा. सोमवार ही खूण आहे, तेथे ‘सिन्स मंडे’. तीन दिवस ही लांबी आहे, तेथे ‘फॉर थ्री डेज’. शिवाय मराठीत ‘आहे’ म्हणून भागते. इंग्रजीत आजार मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आला असेल, तर ‘हॅव बीन’ वापरावे लागते, नुसते ‘ॲम’ नाही.

‘अगो’ आणि ‘बिफोर’

‘दोन दिवसांपूर्वी’ याला इंग्रजीत ‘टू डेज अगो’ म्हणावे की ‘टू डेज बिफोर’? दोन्हीकडे लांबी तीच आहे. प्रश्न आहे तो मोजणी कोणत्या खुणेपासून करायची, हा. आतापासून मागे मोजायचे असेल तर ‘अगो’. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजायचे असेल तर ‘बिफोर’. ‘मी शुक्रवारी कुंडी पाहिली, तेव्हा कोंब दोन दिवसांपूर्वीच फुटला होता’, येथे मोजणी शुक्रवारपासून आहे, म्हणून ‘बिफोर’. ‘अगो’ लिहिलेत, तर वाचणारा तुम्ही अहवाल लिहिला त्या दिवसापासून मोजेल आणि कोंब फुटल्याची तारीखच बदलेल.

‘इन’ आणि ‘विदिन’

‘दहा मिनिटांत येतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाच मिनिटांनी आलो तरी चालते. ‘विदिन टेन मिनिट्स’चा अर्थ असाच आहे : दहा मिनिटांच्या लांबीत कोठेही. पण ‘द ट्रेन विल अराइव्ह इन टेन मिनिट्स’ म्हणजे आतापासून सुमारे दहा मिनिटांनी गाडी येईल. ‘विदिन’ कमाल मर्यादा सांगतो; अशा वाक्यातला ‘इन’ खूण कोठे आहे ते सांगतो.

‘इन्स्टंट’, ‘इंटरव्हल’, ‘ड्युरेशन’

आता शास्त्राच्या पुस्तकाकडे वळू. एक गोटी उतरत्या फळीवरून घरंगळते. ती सुटली तेव्हा घड्याळात १० वाजून ४ मिनिटे २० सेकंद झाले होते. तळाशी पोचली तेव्हा १० वाजून ४ मिनिटे २६ सेकंद. या दोन नोंदी म्हणजे दोन ‘इन्स्टंट’, दोन क्षण. क्षणाला लांबी नसते, जशी भूमितीतल्या बिंदूला नसते. त्या दोन क्षणांमधला काळ हा ‘इंटरव्हल’. हा शब्द लॅटिनमधून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ दोन तटबंद्यांमधली जागा असा होता. चित्रपटगृहातले ‘इंटरव्हल’ही दोन भागांच्या मधेच असते. आणि त्या काळाची लांबी, म्हणजे ६ सेकंद, ही ‘ड्युरेशन’.

फळी ३ मीटर लांब असेल, तर ३ ÷ ६ = ०.५ मीटर दर सेकंदाला हा गोटीचा सरासरी वेग झाला. तो सबंध ‘इंटरव्हल’चा वेग आहे. गोटी सुरुवातीला सावकाश आणि शेवटी जोरात धावत होती. ‘या इन्स्टंटला वेग किती?’ असे विचारले, तर ०.५ हे उत्तर देऊन चालणार नाही. प्रश्नातला एक शब्द नीट न वाचल्यामुळे चांगल्या विद्यार्थ्यांचीही गणिते येथे चुकतात.

‘मोमेंट’ हा शब्द अधिक चंचल आहे. मध्ययुगीन युरोपात ‘मोमेंट’ म्हणजे तासाचा चाळिसावा भाग, सुमारे दीड मिनिट. तेव्हा ती लांबी होती. आज बोलण्यात तो कधी खूण असतो, कधी ‘थोडा वेळ’. आणि यंत्रशास्त्रात ‘मोमेंट’ आला तर तो काळाचा शब्दच नसतो. तेथे त्याचा अर्थ आघूर्ण, म्हणजे बलाचा वस्तू फिरवणारा परिणाम.

एक ‘पीरियड’ किती लांबीचा?

‘पीरियड’ ही नेहमीच लांबी असते, पण केवढी, ते विषयावर ठरते. शाळेत पीरियडला आपण ‘तास’ म्हणतो, मग तो ३५ मिनिटांचा का असेना! दोलकाचा ‘पीरियड’ म्हणजे एक पूर्ण दोलन, जाणे आणि परत येणे, यांना लागणारा काळ. सुमारे १ मीटर लांबीच्या दोलकाला २ सेकंद लागतात. नुसते ‘जाणे’ मोजणाऱ्याचे उत्तर निम्मे येते. सेकंदाच्या व्याख्येतही हाच शब्द आला : १९६७ साली ठरले की, सीझियम-१३३ च्या अणूच्या एका विशिष्ट प्रारणाचे ९,१९,२६,३१,७७० पीरियड म्हणजे १ सेकंद. २०१९ मध्ये या व्याख्येची शब्दरचना बदलली, आकडा तोच राहिला.

भूशास्त्रातला पीरियड मात्र प्रचंड असतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट ज्या लाव्हापासून बनला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. तेव्हा क्रिटेशस पीरियड संपत होता. तो जवळजवळ ८ कोटी वर्षे चालला होता. अनेक पीरियड मिळून एक ‘इरा’ होते, आणि पीरियडचे लहान भाग म्हणजे ‘ईपॉक’. आपण राहतो तो होलोसीन ईपॉक सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाला.

येथे एक गंमत पाहा. भूशास्त्रात ‘ईपॉक’ ही लांबी आहे. खगोलशास्त्रात ती खूण आहे! ताऱ्यांची स्थाने वर्षानुवर्षे किंचित बदलत जातात. म्हणून ताऱ्यांच्या यादीवर ती कोणत्या क्षणासाठी केली, ते लिहावे लागते. त्या क्षणाला ‘ईपॉक’ म्हणतात. १ जानेवारी २०००, दुपारी १२, हा असा एक नेहमी वापरला जाणारा ईपॉक आहे. म्हणजे शब्द ओळखीचा असला तरी कसोटी प्रत्येक वेळी नव्याने लावावी लागते.

स्वाध्याय

रिकाम्या जागी योग्य शब्द निवडा. प्रत्येक ठिकाणी खूण की लांबी, हे आधी ठरवा.

१. ‘द प्लांट हॅज बीन इन द डार्क – थ्री डेज.’ (सिन्स, फॉर)
२. ‘कीप द लॅम्प बर्निंग – द वॉटर बॉइल्स.’ (बाय, अन्टिल)
३. ‘रिटर्न द बुक – फ्रायडे.’ (पुस्तक परत करायची मुदत शुक्रवार. बाय, अन्टिल)
४. एका दोलकाने ४० सेकंदांत २५ पूर्ण दोलने केली. ४० सेकंद हा त्याचा पीरियड आहे का? नसल्यास पीरियड किती?

उत्तरे : १. फॉर. २. अन्टिल. ३. बाय. ४. नाही, ४० सेकंद ही सबंध निरीक्षणाची ड्युरेशन आहे. पीरियड ४० ÷ २५ = १.६ सेकंद.

पुढच्या वेळी प्रयोगवहीत ‘वेळ’ असे शीर्षक लिहाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या रकान्यात घड्याळातली नोंद लिहायची आहे की गेलेला काळ, हे शीर्षकातच स्पष्ट लिहा. वही दुसऱ्या कोणी वाचली, तरी तुमचा प्रयोग त्याला तसाच करता आला पाहिजे.